काचेतला समुद्र : फिलिप हेन्री गॉस यांची जीवनकथा

गेल्या वर्षी नाताळानंतर काही दिवस बंगळूरला, फ्रेझर टाउनमध्ये, पुतण्याच्या घरी राहण्याचा योग आला. त्याच्या दिवाणखान्यात एका भिंतीशी मोठे काम चालले होते. चार फूट लांब, दीड फूट रुंद आणि दोन फूट उंच अशी काचेची टाकी त्याने स्वतः जोडली होती. काच बारा मिलिमीटर जाडीची, सांधे सिलिकॉनचे. अशा टाकीत सुमारे ३४० लिटर पाणी मावते. पाणी, काच, वाळू आणि खडक मिळून वजन अर्ध्या टनाच्या घरात जाते. म्हणून खालचा स्टँड त्याने लोखंडी चौकोनी पाइपांचा केला होता. त्यावर जाड प्लायवूड आणि त्यावर थर्माकोलचा पातळ तक्ता, म्हणजे बारीकसा उंचसखलपणाही काचेच्या तळाला बोचू नये. पाइप, निपल आणि भोक पाडायचे हिऱ्याच्या कडेचे पाते त्याने एस. जे. पी. रोडवरच्या हार्डवेअरच्या बाजारातून हिंडून आणले होते.

टाकीच्या एका कोपऱ्यात काचेचाच उभा कप्पा होता आणि त्याच्या वरच्या कडेला कंगव्यासारखे दाते. पाणी या दात्यांवरून कप्प्यात उतरते, तळाच्या टँक निपलमधून पी.व्ही.सी. पाइपाने खालच्या टाकीत जाते, तेथे गाळले जाते आणि पंप त्याला पुन्हा वर चढवतो. या खालच्या टाकीला मत्स्यपालक सम्प म्हणतात. बंगळूरकरांना हा शब्द नवा नाही. येथे घरोघरी जमिनीखालच्या पाण्याच्या हौदाला हेच नाव आहे. आणि भरलेल्या जलाशयाचे जादा पाणी ठरावीक जागेवरून काढून खालच्या जलाशयात सोडायचे, ही युक्तीही या शहराला जुनीच आहे. येथील जुने तलाव उतारावर एकाखाली एक बांधलेले असून वरच्या तलावाच्या सांडव्याचे पाणी खालच्यात जात असे. त्या सांडव्याला कानडीत कोडी म्हणतात.

माझ्या मुक्कामाच्या दुसऱ्याच रात्री वीज गेली. पंप थांबला. वर पाणी नेणाऱ्या नळीचे तोंड पुतण्याने टाकीत पंधरा सेंटिमीटर खोल सोडले होते. पंपाचा जोर संपताच तीच नळी उलटी वाहू लागली आणि तिचे तोंड उघडे पडेपर्यंत टाकीतील पाणी खाली ओढत राहिली. हिशेब केला तर ते सुमारे ८४ लिटर भरते. सम्पमध्ये रिकामी जागा तीस लिटरांची. उरलेले पाणी आम्ही पहाटेपर्यंत फडक्यांनी टिपत होतो. ते खारे पाणी होते, कारण पुतण्याला समुद्रातील जीव पाळायचे होते. आणि बंगळूर समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंचीवर, किनाऱ्यापासून शेकडो किलोमीटर दूर.

फडके पिळता पिळता तो मला म्हणाला की, काका, समुद्र घरात आणायची ही खोड प्रथम कोणाला लागली असेल? त्याचे उत्तर एका माणसापुरते देता येत नाही. पण ज्याच्या पुस्तकामुळे ही खोड घराघरांत पोहोचली आणि ज्याच्यामुळे अशा पेटीला ॲक्वेरियम हे नाव रूढ झाले, तो माणूस प्रभूचा एक निष्ठावंत सेवक होता, हे आपल्या वाचकांपैकी फार थोड्यांना ठाऊक असेल. त्यांचे नाव फिलिप हेन्री गॉस.

गॉस यांचा जन्म ६ एप्रिल १८१० रोजी इंग्लंडमधील वूस्टर येथे झाला. वडील थॉमस गॉस हे गावोगाव फिरून छोटी व्यक्तिचित्रे रंगवीत आणि त्यावर संसार कसाबसा चाले. कुटुंब पुढे डॉर्सेटमधील पूल या बंदराच्या गावी स्थायिक झाले. तेथे सुझन बेल नावाच्या आत्याने लहानग्या फिलिपला किनाऱ्यावरचे जीव ओळखायला आणि त्यांची चित्रे काढायला शिकवले. वडिलांकडून बारीक कुंचल्याचा हात आणि आत्याकडून किनारा, एवढेच भांडवल घेऊन हा मुलगा पंधराव्या वर्षी एका व्यापारी पेढीत कारकून झाला. १८२७ मध्ये, वयाच्या सतराव्या वर्षी, त्याला न्यूफाउंडलंड बेटावरील कार्बोनिअर येथे धाडण्यात आले. मासे आणि सीलची कातडी यांचे हिशेब लिहिणे हे तेथले काम.

त्या थंड, एकाकी बेटावर दोन गोष्टी घडल्या आणि दोन्ही एकाच वर्षी, १८३२ मध्ये. सूक्ष्मदर्शकावरील एक जुने पुस्तक त्यांच्या हाती पडले व कीटकांच्या अभ्यासाचा ध्यास लागला. आणि बहीण अत्यवस्थ असल्याचे कळल्यावर त्या तरुणाने गुडघे टेकून आपले जीवन देवाच्या स्वाधीन केले. पुढील छप्पन्न वर्षे हे दोन ध्यास त्यांच्यात शेजारी शेजारी नांदले. एकाने दुसऱ्याला जागा करून द्यावी असे त्यांना कधी वाटले नाही, कारण त्यांच्या लेखी ते दोन नव्हतेच. किड्याच्या पंखावरील ठिपका पाहणे आणि पवित्र शास्त्र उघडणे ही दोन्ही त्यांना एकाच कर्त्याची वाचने वाटत.

१८३५ मध्ये ते मेथडिस्ट मित्रांबरोबर कॅनडातील कॉम्प्टन येथे शेती करायला गेले. शेती फसली. शेतापेक्षा शेतातल्या फुलपाखरांकडे लक्ष अधिक, मग दुसरे काय होणार! १८३८ मध्ये अमेरिकेतील अलाबामा राज्यात मळेवाल्यांच्या मुलांना शिकवण्याची नोकरी मिळाली. तेथे त्यांनी कीटकांची जलरंगातील अप्रतिम चित्रे काढली. पण गुलामांचे हाल डोळ्यांनी पाहून त्यांचे मन तेथे रमले नाही. जेमतेम आठ महिन्यांत त्यांनी तो प्रदेश सोडला आणि १८३९ मध्ये रिकाम्या खिशाने इंग्लंड गाठले.

लंडनमधील ते दिवस उपासमारीचे होते. कॅनडातील निसर्गावरील हस्तलिखित त्यांनी व्हॅन व्हूर्स्ट या प्रकाशकाकडे दिले होते. प्रकाशकाने बोलावून शंभर गिनी देऊ केल्या, तेव्हा हा कधी न डगमगणारा माणूस ढसढसा रडला अशी हकीकत सांगतात. ‘द कॅनेडियन नॅचरलिस्ट’ हे पुस्तक १८४० मध्ये निघाले. मग छोटी शाळा, मग प्राणिशास्त्रावरील पुस्तके आणि १८४४ मध्ये जमेका बेटाचा प्रवास. तेथे त्यांनी अठरा महिने पक्षी, कीटक, शिंपले गोळा केले. सॅम्युएल कॅम्बेल नावाचा तेथला काळा तरुण त्यांचा साहाय्यक होता आणि त्याच्या चाणाक्षपणाची नोंद गॉस यांनी मोकळेपणाने केली आहे. ‘द बर्ड्स ऑफ जमेका’ या १८४७ मधील ग्रंथाच्या शीर्षकपृष्ठावरच त्यांनी रिचर्ड हिल या जमेकन मित्राचे नाव साहाय्यक म्हणून छापले. हिल हे मिश्रवंशीय होते. त्या काळच्या इंग्रज लेखकाने असे करणे ही साधी गोष्ट नव्हती.

मधल्या काळात लंडनच्या हॅकनी भागात ते ब्रदरेन मंडळींच्या सहवासात आले होते. पगारी पाळक नाही, सजावट नाही, प्रभुभोजन आणि शास्त्राभ्यास यांवर सारा भर आणि ख्रिस्ताच्या द्वितीय आगमनाची रोजची वाट पाहणे, अशी ही साधी मंडळी. तेथेच त्यांना एमिली बोव्हज भेटल्या. त्या कवयित्री होत्या आणि शुभवर्तमानाच्या छोट्या पत्रिका लिहून आगगाडीत, रस्त्यात, भेटेल त्याला वाटत. १८४८ च्या नोव्हेंबरात दोघांचा विवाह झाला, तेव्हा फिलिप ३८ वर्षांचे आणि एमिली ४२ वर्षांच्या होत्या. पुढल्या सप्टेंबरात एकुलता एक मुलगा एडमंड जन्मला. त्या दिवशी गॉस यांनी रोजनिशीत मुलाच्या जन्माची आणि जमेकाहून एक हिरवी पाकोळी पोहोचल्याची नोंद लागोपाठ केली, ही गोष्ट पुढे फार प्रसिद्ध झाली. ती ऐकून लोक हसतात. मला तीत कोरडेपणा दिसत नाही. दोन्ही देणग्या एकाच हातून आल्या, असे मानणाऱ्या माणसाने दुसरे काय लिहावे?

आता टाकीकडे येऊ. एका बंद भांड्यात जलचर जगवायचे म्हणजे काय, हा प्रश्न त्या दशकात अनेकांच्या डोक्यात घोळत होता. सिसिलीमध्ये झान व्हिलप्रे-पॉवर या फ्रेंच विदुषीने १८३० च्या दशकातच समुद्री जीवांच्या अभ्यासासाठी काचेच्या व पिंजऱ्याच्या पेट्या बनवल्या होत्या. लंडनमध्ये वेस्टमिन्स्टर ॲबीचे उपडीन लॉर्ड जॉन थिन यांच्या पत्नी ॲना थिन यांनी १८४६ पासून प्रवाळ जगवून दाखवले. पाणी नासू नये म्हणून त्यांच्या घरची मोलकरीण उघड्या खिडकीशी उभी राहून ते एका भांड्यातून दुसऱ्यात ओतत बसे. आजच्या पंपाचे काम त्या बिचारीचे हात करीत होते; तिचे नाव मात्र इतिहासाने ठेवले नाही. रॉबर्ट वॉरिंग्टन या रसायनतज्ज्ञाने १८५० मध्ये गोड्या पाण्याचा प्रयोग प्रसिद्ध केला. टाकीत दोन गोल्डफिश आणि व्हॅलिस्नेरिया ही पाणवनस्पती. मासे प्राणवायू घेतात आणि कार्बन डायऑक्साइड सोडतात. वनस्पती उजेडात नेमके उलट करते. तरी पाने कुजून पाणी गढुळले. मग गोगलगायी सोडल्या, त्यांनी कुजकी पाने खाल्ली आणि पाणी निवळले. तीन जीवांच्या या मेळाने टाकी पाणी न बदलता दीर्घकाळ टिकली. काचेवरील कर १८४५ मध्ये उठल्याने काचही स्वस्त झाली होती.

गॉस यांना या साऱ्याचे वेध समुद्राच्या दिशेने लागले. अतिश्रमाने डोकेदुखी जडून तब्येत ढासळली होती आणि वैद्यांनी समुद्रकिनारी जायला सांगितले. १८५२ मध्ये कुटुंब डेव्हनला गेले, आधी सेंट मेरीचर्च आणि मग इल्फ्राकोंब येथे. ओहोटीला उघडे पडणारे कातळ आणि त्यातील पाण्याने भरलेले खळगे ज्यांनी आपल्या रत्नागिरी-मालवणच्या किनाऱ्यावर पाहिले असतील, त्यांना गॉस यांची अवस्था कळेल. कंबरभर पाण्यात उभे राहून, छिन्नी-हातोडीने कातळाचा कपचा समुद्रफुलासकट अलगद उचलायचा, बरणीत ठेवायचा आणि घरी नेऊन दिवसरात्र न्याहाळायचा, असा उद्योग सुरू झाला. त्यातून ‘डेव्हनशायरच्या किनाऱ्यावरील निसर्गप्रेमीची भटकंती’ या आशयाच्या नावाचे पुस्तक १८५३ मध्ये निघाले.

घरच्या प्रयोगांतून त्यांच्या हाती काही नियम आले. आधी शैवाल लावावे, ते स्थिरावू द्यावे आणि मगच प्राणी सोडावेत. सगळेच शैवाल चालत नाही. मोठी तपकिरी शैवाले लवकर सडतात, हिरवी आणि काही नाजूक लाल जाती टिकतात. प्राण्यांची गर्दी नको. मेलेला जीव तत्काळ काढावा, नाहीतर तो सगळ्यांना घेऊन जातो. काचेवर धरणारा हिरवा थर खायला समुद्री गोगलगायी ठेवाव्यात. पाणी हलते ठेवावे. ऊन जास्त लागले तर पाणी तापते आणि हिरवे होते. गेली पावणेदोनशे वर्षे नवशिके मत्स्यपालक यांतील प्रत्येक नियम मोडून आपले मासे मारून घेत आले आहेत. पुतण्याच्या पहिल्या टाकीचा शेवटही गर्दीनेच झाला होता.

लंडनच्या प्राणिसंग्रहालयात १८५३ च्या मे महिन्यात जगातील पहिले सार्वजनिक मत्स्यालय उघडले. त्यातील समुद्री टाक्यांसाठी जीव गोळा करून पाठवण्याचे काम गॉस यांनी केले. वेमथच्या किनाऱ्यावरून बरण्या भरून आगगाडीने लंडनला जात. मासा पाण्यात कसा वावरतो हे बाजूने, डोळ्यांच्या रेषेत, पाहण्याची संधी सामान्य माणसाला तोवर मिळालीच नव्हती. तोपर्यंत त्याने मासा वरून पाहिला होता, नाहीतर ताटात. लोकांची रीघ लागली. आपल्याकडे मुंबईच्या तारापोरवाला मत्स्यालयात १९५१ पासून किंवा बंगळूरच्या कब्बन पार्कातील शासकीय मत्स्यालयात १९८३ पासून ज्या पिढ्यांनी काचेला नाक लावून मासे पाहिले, त्यांच्या त्या आनंदाचा उगम तेथे आहे.

१८५४ मध्ये गॉस यांचा ‘द ॲक्वेरियम’ हा ग्रंथ आला. त्यातील रंगीत चित्रे त्यांनीच काढलेली. याच वर्षी त्यांनी आणखी एक गोष्ट केली आणि माझ्या मते अंतर्देशीय माणसावर त्यांचे सर्वांत मोठे ऋण तेच आहे. समुद्राच्या पाण्याच्या रासायनिक पृथक्करणाचे आकडे समोर ठेवून त्यांनी साधे मीठ, एप्सम सॉल्ट, मॅग्नेशियम क्लोराइड आणि पोटॅशियम क्लोराइड असे चार क्षार ठरावीक प्रमाणात गोड्या पाण्यात विरघळवले, त्यात शैवाल टाकून ते मुरू दिले आणि मग प्राणी सोडले. ते जगले. किनारा नसलेल्या गावीही समुद्र करता येतो, हे सिद्ध झाले. आज दुकानात मिळणाऱ्या क्षारांच्या पिशवीत द्रव्ये पुष्कळ अधिक असतात, पण कल्पना तीच. पुतण्याने दोन्ही टाक्यांच्या मिळून ४४० लिटरांसाठी सुमारे पंधरा किलो मिश्रण वापरले होते. लिटरला पस्तीस ग्रॅम हा समुद्राचा हिशेब. नळाच्या पाण्यात क्लोरीन, बोअरवेलचे पाणी जड, म्हणून फिल्टरमधून काढलेले शुद्ध पाणी घेऊन त्याने हा समुद्र कालवला होता.

ओव्हरफ्लो आणि पाइप यांची रचना मात्र गॉस यांची नाही. त्यांचा भर वनस्पती आणि प्राणी यांच्या समतोलावर होता. पाणी खेळते ठेवण्यासाठी त्या काळी फार तर वर टांगलेल्या भांड्यातून थेंब थेंब गळू देत. ती पुढची पायरी विल्यम ऑल्फर्ड लॉइड यांनी गाठली. लॉइड गरीब घरचे. गॉस यांच्या लेखनाने झपाटून त्यांनी लंडनमध्ये मत्स्यालयाच्या साहित्याचे दुकान काढले आणि १८७१ मध्ये क्रिस्टल पॅलेस येथे मोठे मत्स्यालय उभारले. तेथे प्रदर्शनाच्या टाक्यांखाली, अंधारात, त्यांच्यापेक्षा कितीतरी मोठा हौद होता. पंपाने पाणी वर जाई, टाक्यांतून वाहत पुन्हा हौदात उतरे. मोठ्या, थंड, अंधाऱ्या साठ्यात पाणी आपोआप निवळते हे त्यांनी ओळखले होते. फ्रेझर टाउनमधला तो सम्प त्या हौदाचाच नातू म्हणायचा.

‘द ॲक्वेरियम’ने इंग्लंडला वेड लावले. खिडकीखिडकीत काचेच्या पेट्या आल्या. १८५५ मध्ये गॉस यांनी इल्फ्राकोंबच्या किनाऱ्यावर वर्ग भरवले. स्त्रीपुरुष पायघोळ कपडे सावरत त्यांच्यामागे कातळांवरून चालत. १८५६ मध्ये ते रॉयल सोसायटीचे सभासद निवडले गेले. विद्यापीठाची पायरी न चढलेल्या कारकुनाला यापेक्षा मोठा मान नव्हता.

त्याच वर्षी एमिलींच्या छातीत गाठ आढळली. शस्त्रक्रिया भूल देऊनही तेव्हा जिवावरची होती. म्हणून पतिपत्नींनी प्रार्थनापूर्वक एका परदेशी वैद्याचा मलमाचा उपचार निवडला. तो उपचार महिनोन्‌महिने कातडी जाळत राहिला आणि गाठ वाढतच गेली. १८५७ च्या फेब्रुवारीत एमिलींनी प्रभूच्या ठायी विसावा घेतला. गॉस यांनी त्यांच्या अखेरच्या दिवसांचे जे छोटे पुस्तक लिहिले, त्यात त्या वेदना झाकलेल्या नाहीत. आठ वर्षांचाही न झालेला मुलगा आणि सूक्ष्मदर्शक घेऊन ते डेव्हनमधील सेंट मेरीचर्च येथे कायमचे राहायला गेले.

त्याच शरद ऋतूत त्यांचे ‘ओम्फॅलॉस’ प्रसिद्ध झाले आणि त्यांची दुसरी आपत्ती ओढवली. पृथ्वी अतिप्राचीन असल्याचे भूगर्भशास्त्र सांगत होते. उत्पत्तीच्या पुस्तकाचा सहा दिवसांचा वृत्तांत गॉस अक्षरशः मानत. त्यांनी दोन्ही खरे ठरवण्याचा मार्ग शोधला. सृष्टी हे फिरते चक्र आहे, कोंबडीआधी अंडे आणि अंड्याआधी कोंबडी. अशा चक्रात देवाने कोठेही निर्मिती सुरू केली तरी ती निर्मिती आधीच्या फेऱ्यांच्या खुणा घेऊनच येणार. म्हणून आदामाला नाभी असणार, एदेन बागेतील झाडाच्या खोडात वर्तुळे असणार आणि खडकांत कधीच न जगलेल्या प्राण्यांचे अवशेष असणार. पुस्तकाचे नाव म्हणजे नाभीसाठीचा ग्रीक शब्द.

दोन्ही पक्ष हा सलोखा हर्षाने स्वीकारतील अशी त्यांची खरोखर अपेक्षा होती. कोणीच स्वीकारला नाही. शास्त्रज्ञ म्हणाले, याच्या विरुद्ध कोणताही पुरावा संभवतच नाही, मग हे शास्त्र कसले? विश्वासणाऱ्यांना त्याहून खोल दुखले. गॉस यांचे चाहते असलेले पाळक आणि कादंबरीकार चार्ल्स किंग्जली यांनी पत्राने कळवले की, देवाने खडकांवर एवढे मोठे असत्य लिहून ठेवले असेल हे आपल्याने मानवत नाही. मला किंग्जलींचेच म्हणणे पटते. गॉस यांची नजर ज्या गोष्टीकडे गेली ती त्यांनी जितक्या सचोटीने पाहिली, तितक्या सचोटीने त्यांनी हा युक्तिवाद तपासला नाही. त्यात सगळे आत येत होते, बाहेर काहीच जाऊ शकत नव्हते. दोन वर्षांनी डार्विन यांचा ग्रंथ आला आणि वादाचे मैदानच बदलले. गंमत अशी की, त्याच १८५७ साली डार्विन गॉस यांना पत्र लिहून समुद्री जीवांविषयी प्रयोग करून पाहण्याची विनंती करीत होते, कारण निरीक्षक म्हणून त्यांचा भरवसा गॉस यांच्यावर होता.

काही काळ गॉस कडू झाले. पण हात थांबला नाही. ब्रिटिश समुद्रफुलांवरील ‘ॲक्टिनॉलॉजिया ब्रिटानिका’ हा त्यांचा ग्रंथ १८६० मध्ये पूर्ण झाला आणि त्या विषयात दीर्घकाळ प्रमाण मानला गेला. त्याच वर्षी त्यांनी इलायझा ब्राइटवेन या सुशील स्त्रीशी विवाह केला. सेंट मेरीचर्चच्या ब्रदरेन मंडळीची त्यांनी तीसएक वर्षे, मृत्यूपर्यंत, सेवा केली. घरात ऑर्किड फुलवले आणि उतारवयात रोटिफर या सूक्ष्म जलचरांवर हडसन यांच्यासह १८८६ मध्ये मोठा ग्रंथ सिद्ध केला.

मुलगा एडमंड पुढे साहित्यसमीक्षक झाला आणि पित्याच्या श्रद्धेपासून दूर गेला. त्याचे १९०७ मधील ‘फादर अँड सन’ हे पुस्तक वाचून जगाने गॉस यांना हट्टी, मुलाचा श्वास कोंडणारा बाप ठरवले. २००२ मध्ये ॲन थ्वेट यांनी लिहिलेल्या चरित्रात अधिक मायाळू, विनोदी, मुलाबरोबर खळग्यांत रमणारा बाप दिसतो. दोन्ही चित्रांत तथ्य असावे. पण मुलाने लिहिलेली एक गोष्ट कोणी खोडलेली नाही. ॲक्वेरियमच्या वेडापायी हौशी लोकांच्या झुंडी डेव्हनच्या किनाऱ्यावर उतरल्या. छिन्नी, हातोडी, बादल्या. ज्या खळग्यांत युगानुयुगे कोणी हात घातला नव्हता ते काही वर्षांत ओरबाडून रिकामे झाले. घरी नेलेले जीव आठवड्याभरात मरत, मग नवे आणायला माणसे पुन्हा येत. गॉस यांनी आपल्या पुस्तकांत जागा सांगितल्या होत्या, रीत सांगितली होती, चित्रे दाखवली होती. देवाची करणी लोकांनी पाहावी म्हणून जे केले त्यातूनच ती करणी पुसली जात असल्याचे त्यांनी डोळ्यांनी पाहिले आणि त्याचे शल्य त्यांना लागून राहिले.

प्रभू आपल्या हयातीत येईल आणि आपल्याला मरण पाहावे लागणार नाही, अशी त्यांची अखेरपर्यंत आशा होती. वयाच्या सत्त्याहत्तराव्या वर्षी, हिवाळ्यातील एका रात्री, उघड्या खिडकीशी दुर्बीण लावून तारे पाहताना त्यांना थंडी बाधली आणि ते आजारी पडले. त्यातून ते नीट उठलेच नाहीत. आशा पुरी होत नाही हे उमगल्यावर त्यांना फार जड गेले, असे पत्नीने नोंदवले आहे. २३ ऑगस्ट १८८८ रोजी त्यांचे देहावसान झाले.

ही कथा मी पुतण्याला दोन संध्याकाळी सांगितली. पहिल्या संध्याकाळी त्याने वर जाणाऱ्या नळीचे तोंड पाण्याच्या पृष्ठभागाजवळ आणले आणि पृष्ठभागाच्या किंचित खाली तिला एक बारीक भोक पाडले. आता वीज गेली की पाणी थोडे उतरते, भोकातून हवा शिरते आणि उलटा प्रवाह तुटतो. मग आम्ही मुद्दाम तीनदा पंप बंद करून पाहिला. सम्प भरत आला आणि काठाखाली थांबला. दुसरी एक नळी त्याने पहिली तुंबली तर उपयोगी पडावी म्हणून कप्प्यात उंचावर बसवली.

दुसऱ्या संध्याकाळी त्याने टाकीत काय सोडायचे याची यादी पुन्हा लिहायला घेतली. प्रवाळाचा तुकडा त्यातून आधीच गेला होता, कारण २००१ पासून आपल्या वन्यजीव कायद्याने खडक बांधणाऱ्या प्रवाळांना वाघाच्या बरोबरीचे संरक्षण दिले आहे. राहिलेल्या माशांपुढे तो एकेक करून खूण करीत गेला : हा समुद्रातून धरलेला, हाही धरलेला. शेवटी क्लाउनफिशची एक जोडी उरली. या माशाची पैदास कृत्रिम टाक्यांत करण्याची रीत आपल्या केंद्रीय समुद्री मत्स्य संशोधन संस्थेने बसवलेली आहे, आणि टाकीतच जन्मलेले पिल्लू कोण देईल याची चौकशी तो फोनवर करू लागला. ३४० लिटर पाण्यात दोनच मासे, म्हणून घरातली मुले हिरमुसली. मी निघालो तेव्हा टाकीत पाणी, वाळू आणि दगडांवर धरू लागलेली हिरवी साय एवढेच होते. ते महिनाभर तसेच ठेवायचे, असे त्याने ठरवले होते.